पाचवा ‘डाय हार्ड’ बाबांना दाखवू का?

फिटरचा मुलगा (लोकमान्य नगर, इंदूर)

नमस्कार मंडळी. एक घरगुती पेच आहे. विषय पिक्चरचा असला तरी माझ्यासाठी तो लहान नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाबा 79 वर्षांचे आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन महिने घरातच आहेत. रोज सकाळी पायी जाऊन पोहे-जिलबी घेऊन येणारा माणूस आता खिडकीशी खुर्ची टाकून बसतो आणि रस्त्यावरून कोण गेलं ते आम्हाला सांगतो. माझा मुलगा अकरावीत आहे. त्याने एकदा सहज विचारलं, आजोबा, तुम्हाला सगळ्यात आवडलेला मारामारीचा पिक्चर कोणता? बाबा लगेच म्हणाले, ‘‘तो अनवाणी पोलिसाचा.’’ नाव त्यांना तेव्हाही येत नव्हतं, आजही येत नाही. मला मात्र बरोबर कळलं, हॉलिवूडचा ‘डाय हार्ड’. तेव्हापासून दर रविवारी दुपारची जेवणं झाली की आजोबा-नातू टीव्हीसमोर बसतात. चार रविवारी चार भाग झाले. येत्या रविवारी पाचवा. आणि मला तो दाखवायचा नाही.

का, ते सांगायला मागे जावं लागेल.

1988 चा पहिला भाग आम्ही 1991 साली पाहिला, रामबागेतल्या जुन्या घरी. गल्लीत वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर आणला होता. दोन हिंदी पिक्चर सगळ्यांनी ठरवून मागवलेले, तिसरी इंग्रजी कॅसेट दुकानदाराने आपणहून दिलेली. पहाटे अडीचला ती लावली तेव्हा निम्मी गल्ली झोपायला गेली होती. बाबा जागे होते, कारण दुसऱ्या पाळीवरून आलं की त्यांना लवकर झोप लागत नसे. मिलमध्ये ते फिटर होते. त्या वर्षी कामाचं काही खरं नव्हतं, पगार मागेपुढे व्हायचा आणि घरात सगळे हळू आवाजात बोलायचे.

इंग्रजी आमच्यापैकी कुणालाच धड कळत नव्हतं. पण सुरुवातीलाच विमानात शेजारचा प्रवासी या पोलिसाला सांगतो की उतरल्यावर बूट-मोजे काढ, गालिच्यावर अनवाणी चाल आणि पायाच्या बोटांची मूठ कर, बरं वाटेल. तो बायकोच्या ऑफिसात तसंच करत असतो आणि तेवढ्यात गोळीबार सुरू होतो. बूट तिथेच राहतात. पुढचा सगळा पिक्चर तो अनवाणी. एका मेलेल्या गुंडाचे बूट घालून बघतो, तर तेही लहान पडतात. खलनायकाच्या नजरेत ते उघडे पाय येतात आणि तो आपल्या माणसाला सांगतो, काचांवर गोळ्या घाल. मग तो काचांवरून पळतो, न्हाणीघरात फरशीवर बसतो आणि तळव्यातून एकेक काच उपसून काढतो.

त्या प्रसंगाला बाबांच्या तोंडून ‘‘स्स्’’ असा आवाज निघाला. मी तेव्हा 13 वर्षांचा होतो, त्यांच्या मांडीला टेकून बसलो होतो. त्यांचा पाय आखडलेला मला जाणवला. मिलमध्ये लेथच्या आसपास लोखंडाचा चुरा पडलेला असायचा आणि तो चपलेतून तळव्यात शिरायचा. आठवड्यातून एकदा तरी आई कंदील जवळ घेऊन, त्यांचा पाय मांडीवर ठेवून, चिमट्याने तो काढत बसायची. बाबा भिंतीकडे बघत राहायचे. त्या रात्री आई दारात उभी होती. पडद्याकडे बघत ती म्हणाली, ‘‘त्याला चिमटा द्यायला कोणी नाही का रे?’’

आमच्या घरात हा पिक्चर एवढ्यामुळे राहिला. नंतर 1995 चा तिसरा भाग बाबांनी मला टॉकीजमध्ये नेऊन दाखवला. त्यात बागेतल्या कारंज्यापाशी एक कोडं आहे. एक भांडं पाच गॅलनचं, एक तीनचं, आणि बरोबर चार गॅलन पाणी मोजून ठेवायचं, नाहीतर बॉम्ब फुटेल. घरी येऊन बाबांनी रॉकेलचे दोन डबे घेतले, एक पाच लिटरचा, एक तीनचा, आणि ओट्यावर करून दाखवलं. पाचाचा भरला, त्यातून तीनाचा भरून घेतला, पाचात उरलं दोन. तीनाचा रिकामा केला, त्यात ते दोन ओतलं. पुन्हा पाचाचा भरला, तीनात एकाचीच जागा होती तेवढं घातलं, पाचात राहिलं चार. आई ओरडली, कारण नर्मदेचं पाणी दिवसाआड यायचं आणि त्या दिवशी आलं नव्हतं. गेल्या पंधरवड्यात हेच कोडं माझ्या मुलाला आजोबांनी घातलं, तर तो वही घेऊन बसला. बाबा म्हणाले, डबे आण.

2013 साली पाचवा आला तेव्हा मी एकटाच गेलो, एम. जी. रोडच्या मॉलमध्ये. मध्यंतरापर्यंत वाट बघत होतो की आता सुरू होईल. सुरूच झाला नाही. मॉस्कोच्या रस्त्यावर इतक्या गाड्या चुरगळतात की मोजायचं सोडून दिलं. तो पोलीस आणि त्याचा मोठा झालेला मुलगा, असे बाप-लेक इमारतीवरून काचा फोडत, मचाण मोडत खाली येतात. मुलाच्या पोटात लोखंडी सळई शिरते, बाप ती ओढून काढतो आणि थोड्या वेळाने तोच मुलगा पुन्हा धावतो आहे. मी त्या क्षणी ‘‘स्स्’’ची वाट बघत होतो. अख्ख्या थिएटरात कुणाच्याच तोंडून तो आला नाही, माझ्याही नाही. बाहेर पडलो तेव्हा इतकं रिकामं वाटलं की गाडी न काढता रीगल चौकापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. घरी बाबांनी विचारलं, कसा होता? मी म्हटलं, तिकीट मिळालं नाही. बाबांशी मी खोटं बोललो असे प्रसंग मोजके आहेत, त्यातला हा एक.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पाचवा दाखवू की चौथ्यावरच थांबू? दुसरं, मुलगा म्हणतो, ‘‘पप्पा, यात तर जास्त गाड्या फुटतात, जास्त उंचावरून पडतात, मग हा वाईट कसा?’’ त्याला मनापासून समजून घ्यायचं आहे. मला फक्त ‘‘त्याला लागत नाही’’ एवढंच सांगता आलं. ते पुरेसं नाही हे मलाच कळतं.

कॅसेटवाले काका (इंदूर)

बेटा, मी 1986 पासून बारा वर्षं व्हिडिओ लायब्ररी चालवली. तुमच्या गल्लीत ती कॅसेट माझ्या दुकानातून आली असेल असं म्हणत नाही, पण गिऱ्हाइकाने न मागता तिसरी कॅसेट हातात ठेवायची सवय मला होती. दहा पिक्चर मागितलेले आणि एक न मागितलेला, यात न मागितलेलाच माणूस वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो हे मी काउंटरवर बघितलं आहे.

तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं एक उत्तर माझ्याकडे आहे. या मालिकेतले पहिले चार पिक्चर मुळात ‘डाय हार्ड’ म्हणून लिहिलेलेच नव्हते. पहिला आला रॉडरिक थॉर्प यांच्या 1979 च्या ‘नथिंग लास्ट्स फॉरएव्हर’ या कादंबरीतून. ती कादंबरी त्यांच्याच ‘द डिटेक्टिव्ह’चा पुढचा भाग, आणि ‘द डिटेक्टिव्ह’वर 1968 साली पिक्चर निघाला होता, नायक फ्रँक सिनात्रा. करारामुळे हा रोल स्टुडिओला आधी सिनात्रांना विचारावा लागला, तेव्हा ते सत्तरीच्या पुढे होते. त्यांनी नाही म्हटलं, आणि फिरत फिरत तो टीव्हीवर विनोदी मालिका करणाऱ्या ब्रूस विलिसकडे आला. 1990 चा दुसरा वॉल्टर वेजर यांच्या ‘58 मिनिट्स’ या कादंबरीवरून. तिसरा जोनाथन हेन्सली यांच्या ‘सायमन सेज’ नावाच्या स्वतंत्र पटकथेवरून. चौथा, 2007 चा, एका मासिकात 1997 साली आलेल्या लेखावरून.

म्हणजे दर वेळी गोष्ट आधी होती, ती स्वतःच्या पायावर उभी होती, आणि मग तिच्यात या पोलिसाला आणून सोडलं. तो तिथे नवखा असायचा. जागा त्याची नाही, लोक त्याचे नाहीत, तयारी काही नाही. आपणही त्याच्याबरोबर नवखेच असायचो. पाचवा हा पहिलाच, जो सुरुवातीपासून ‘डाय हार्ड’ म्हणून लिहायला घेतला. माणूस आधी आणि गोष्ट नंतर. त्यामुळे मॉस्कोत गेला तरी तो कुठे सापडला आहे असं वाटतच नाही. नातवाला हे सांगून बघा. त्याच्या वयाची पोरं अशी गोष्ट पटकन पकडतात.

दाखवायचा की नाही हे मी सांगणार नाही. पण खोटं बोलल्याची जी बोच तुम्हाला बारा-तेरा वर्षं लागून राहिली आहे, ती तिकिटापेक्षा महाग पडली. बाबांना ते तरी सांगा.

बडोद्याची कात्री (वडोदरा)

मी लग्नाच्या फिल्म आणि माहितीपट एडिट करते. वीस वर्षं टेबलावरच आहे. कात्री असं नुसतं नाव आहे, हातात माउस असतो.

काकांनी गोष्टीचं सांगितलं, मी दिसण्याचं सांगते. पहिल्या भागात सगळं जिथे घडतं ती बायकोच्या ऑफिसची इमारत तुमच्या ओळखीची होते. लॉस एंजेलिसमधली फॉक्स प्लाझा, शूटिंगच्या वेळी नवीकोरी. पार्टी तिसाव्या मजल्यावर, वर अर्धवट बांधकामाचे मजले, मग गच्ची, खाली तळघरातली गाडी. दिग्दर्शक जॉन मॅकटिएर्नन आणि कॅमेरामन यान द बाँट तुम्हाला तिथे फिरवतात. बांधकामाच्या मजल्यावर कामगारांनी भिंतीवर एका बाईचं चित्र चिकटवलेलं आहे. पळताना नायकाला ते दिसतं, पुन्हा त्याच वाटेने जाताना पुन्हा दिसतं, आणि आपल्याला कळतं की आपण कुठे आहोत. शेवटाकडे तुम्ही डोळे मिटून सांगू शकता की खलनायक वर आहे की खाली, आणि मध्ये किती दारं आहेत. भीती त्यातून येते. कुठून कोण येईल हे माहीत असलं की माणूस घाबरतो. काहीच माहीत नसलं तर तो फक्त बघतो.

पाचव्याचा गाड्यांचा पाठलाग मी एकदा आवाज बंद करून पाहिला, कामाचा भाग म्हणून. कॅमेरा हातात धरून हलवलेला, शॉट इतके बारीक तोडलेले की कोण कोणाच्या मागे आहे ते चार-पाच वेळा सुटलं. खर्च भरपूर दिसतो, मेहनतही दिसते. ज्यांनी त्या गाड्या खरोखर आपटल्या त्या स्टंटवाल्यांचा माणूस म्हणून मला आदर आहे. पण त्यांची मेहनत टेबलावर वाया गेली आहे. असा पाठलाग एडिट करायला माझ्याकडे आला असता तर मी निम्मे कट काढून टाकले असते. एकच गाडी दहा सेकंद सलग दिसली असती तर तुमच्या मुलाच्या पोटात गोळा आला असता.

अजून एक गोष्ट, ही मला फार जवळची आहे. पहिल्या भागात सुरुवातीला बायकोच्या मनगटावरचं नवं घड्याळ दाखवतात, कंपनीने भेट दिलेलं. ती रागाने टेबलावरचा घरचा फोटो पालथा घालते. दोन्ही गोष्टी आपण विसरून जातो. शेवटी तोच फोटो खलनायकाच्या हाती लागतो. खिडकीतून पडताना तो तिच्या मनगटाला लटकतो, नायक घड्याळाची पट्टी सोडवतो आणि खलनायक खाली जातो. दोन तासांपूर्वी ठेवलेल्या वस्तू परत उचलल्या. ही घरच्या बाईची कला आहे, कुठे काय ठेवलं ते लक्षात ठेवणं. पाचव्यात काहीच ठेवलेलं नाही, म्हणून उचलायलाही काही नाही.

पीथमपूर पहिली पाळी

मी थोडक्यात लिहितो, कामावर जायचं आहे.

पाचव्याचा शेवट चेर्नोबिलमध्ये आहे, जिथे अणुभट्टीचा अपघात झाला होता तिथे. मॉस्कोहून ते तिथे गाडीने पोचतात आणि जणू बाजूच्या गावाला जाऊन आले. नकाशावर सरळ रेघ मारली तरी जवळजवळ 700 किलोमीटर होतात, मधे देशाची सीमा. आपल्याला इंदूरहून मुंबई त्याहून जवळ पडते. हे मी सोडून दिलं असतं.

पण तिथे त्या तिजोरीसारख्या खोलीत कसली तरी फवारणी करतात आणि किरणोत्सर्ग संपतो. मास्क काढतात आणि आरामात बोलायला लागतात. हे मी सोडू शकत नाही. भोपाळ आपल्यापासून दोनशे किलोमीटरच्या आत आहे. 1984 च्या डिसेंबरात तिथे काय झालं हे माझ्या आत्याच्या डोळ्यांकडे बघितलं की कळतं. त्या कारखान्यातला 337 टन विषारी कचरा उचलायला चाळीस वर्षं लागली. जानेवारी 2025 मध्ये तो बारा कंटेनरमधून इथे आमच्याकडे पीथमपूरला आणला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते, आमच्या लाइनवरची निम्मी माणसं त्या दिवशी गैरहजर होती. जूनच्या अखेरपर्यंत तो जाळत होते आणि माझी आई रोज फोन करून विचारायची, वास येतो का.

पिक्चर म्हणजे कल्पना, हे मान्य. इमारतीवरून पडून जगणं मी खपवून घेतो. खऱ्या लोकांचं खरं विष मात्र एका फवाऱ्यात पुसायचं नसतं. माझं मन तिथेच उठलं.

सुदामानगरचा धाकटा

दादा, काका, ताई, सगळ्यांचं वाचलं. मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

मी 24 वर्षांचा आहे. या मालिकेतला मी सगळ्यात आधी पाचवाच पाहिला, टीव्हीवर, हिंदीत, वडिलांबरोबर. आमचं दोघांचं तेव्हा जवळजवळ बोलणं बंद होतं. मला इंजिनिअरिंग सोडायचं होतं आणि त्यांना ते ऐकायचंच नव्हतं. त्या पिक्चरमध्ये मुलगा बापावर चिडलेला आहे. वर्षानुवर्षं बाप कामात, घरी कधी नाहीच. एका ठिकाणी सगळे लपून बसलेले असतात तेव्हा बाप त्यांच्याबरोबर असलेल्या एका रशियन म्हाताऱ्याशी बोलतो, की मी सतत कामच करत राहिलो, मुलांपाशी नव्हतो. मुलगा आडून ऐकत असतो. माझे वडील तेव्हा उठून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विषय काढला.

तुम्ही म्हणता ते सगळं बरोबर असेल. पहिला मी नंतर पाहिला आणि तो कितीतरी चांगला आहे, हेही कबूल. पण पाचव्यात काहीच नाही असं मला म्हणता येणार नाही. माझ्या घरात त्याने काम केलं आहे.

फिटरचा मुलगा

धाकट्या, राग कसला मानायचा. तू लिहिलेला प्रसंग मला आठवतच नव्हता. मी 2013 ला इतका खट्टू होऊन बसलो होतो की तो माझ्या डोळ्यांपुढून गेला आणि मनात शिरलाच नाही. तुझ्या वडिलांचं पाणी प्यायला जाणं वाचून मी फोन बाजूला ठेवला.

ताई, घड्याळाचं आणि फोटोचं मुलाला वाचून दाखवलं. तो लगेच पहिला भाग लावून ते दोन प्रसंग शोधत बसला, जेवायला पण आला नाही. काका, तुमचं म्हणणं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. आता प्रत्येक पिक्चरबद्दल विचारतो, यात गोष्ट आधी होती की माणूस?

पीथमपूरवाले भाऊ, तुमच्या आत्यांना नमस्कार सांगा. चेर्नोबिलचा मी असा विचारच केला नव्हता.

राजेंद्रनगरची सून

मी उशिरा आले, पण एक सांगायचंच आहे.

माझ्या सासऱ्यांना पक्षाघातानंतर ॲफेझिया झाला. माणूस समोर असतो, ओळखतो, हसतो, पण हवा तो शब्द सापडत नाही. चहा मागायचा असतो आणि ‘‘ते... ते...’’ करत बोट दाखवतात. आठवीपर्यंतच्या मुलांना 30 वर्षं मराठी शिकवलेला माणूस, म्हणून जास्तच लागतं. आम्ही घरात चित्रांचा एक तक्ता केला आहे: कप, पंखा, औषध, खिडकी. त्यावर बोट ठेवतात.

मार्च 2022 मध्ये ब्रूस विलिसच्या घरच्यांनी कळवलं की त्याला ॲफेझिया आहे आणि तो काम थांबवतो आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये त्यांनी आजाराचं पुढचं निदान सांगितलं, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदू हळूहळू झिजण्याचा विकार. ती बातमी मी सासऱ्यांना वाचून दाखवली. त्यांना तो कोण हे माहीत नव्हतं. मोबाइलवरच्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं आणि मग स्वतःच्या छातीवर ठेवलं.

त्यानंतर मी ते सगळे भाग पुन्हा पाहिले. पाचवा चांगला झालेला नाही, तुमच्याशी सहमत. पण हा नट या भूमिकेत मोठ्या पडद्यावर शेवटचा तिथेच आहे. सहावा आलाच नाही. पहिल्या भागात न्हाणीघरात वायरलेसवर तो त्या बाहेरच्या पोलिसाला, अल पॉवेलला, सांगतो की माझ्या बायकोला निरोप दे, मी तिची माफी कधी मागितली नाही. तो आवाज आणि पाचव्यातला आवाज, यांत 25 वर्षं आहेत. मला ती ऐकू येतात. दाखवा बाबांना. पिक्चरसाठी नको, त्या माणसाची शेवटची भेट म्हणून दाखवा. फक्त आधी सांगून ठेवा की हा तसा नाही.

फिटरचा मुलगा

काल रविवार झाला. सगळ्यांना कळवायला हवं म्हणून लिहितो.

आधी कबुली दिली. बाबांना म्हटलं, 2013 ला मी हा पाहिला होता, तिकीट मिळालं होतं. ते म्हणाले, ‘‘माहीत आहे. तुझ्या खिशात तिकीट होतं, आईने धुताना काढून ठेवलं होतं.’’ इतकी वर्षं दोघंही काही बोलले नाहीत. वाईट काय होतं एवढंच त्यांना विचारायचं होतं, पण तुझा चेहरा बघून विचारलं नाही, म्हणाले.

मग पाहिला. गाड्यांच्या पाठलागात बाबांनी मुलाला दोनदा विचारलं, आपला कुठला? मुलगा माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, वडोदऱ्याच्या ताई म्हणाल्या तस्संच. तो गाजर खाणारा, नाचणारा गुंड बाबांना आवडला नाही, ‘‘हा उगाच करतोय’’ म्हणाले. पहिल्या भागातला खलनायक, ॲलन रिकमन, त्यांना अजून डोळ्यांसमोर आहे. त्याचा तो पहिलाच पिक्चर होता हे नातवाने सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, ‘‘वाटत नव्हतं, चांगला कसबी कारागीर होता.’’ बाबांकडून याहून मोठी दाद नसते.

सळईचा प्रसंग आला. बाबा खुर्चीत पुढे झाले. बापाने सळई ओढून काढली. बाबांनी थांबवायला सांगितलं. मुलाने थांबवलं. बाबा बराच वेळ त्या थांबलेल्या चित्राकडे बघत होते. मग म्हणाले, ‘‘असं ओढत नाहीत. आमच्या खात्यात एकाच्या मांडीत गज घुसला होता. हात लावायचा नाही, तसाच दवाखान्यात न्यायचा, नाहीतर रक्त थांबत नाही. ज्याने लिहिलंय त्याला लागलेला माणूस उचलायची वेळ आली नसेल.’’ त्या माणसाचं पुढे काय झालं ते मुलाने विचारलं. बाबांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, तो बरा होऊन परत कामावर आला आणि त्याच्या मुलीच्या लग्नाला सगळं खातं गेलं होतं तेही सांगितलं. हे मी पहिल्यांदा ऐकलं. मी 47 वर्षांचा आहे.

धाकट्या, तुझा प्रसंग त्याच्या आधीच येऊन गेला होता, ते मुद्दाम शेवटी लिहितो आहे. लपलेले असतात तो. बाप त्या म्हाताऱ्याशी बोलतो आणि मुलगा ऐकतो. हिंदीत लावला होता म्हणून बाबांना शब्दन् शब्द कळला. काही बोलले नाहीत. पिक्चर संपल्यावर मुलगा उठून गेला आणि मी रिमोट घेतला, तेव्हा म्हणाले, ‘‘ते मागचं परत लाव. बोलतात ते.’’ लावलं. दुसऱ्यांदा पाहून झालं तेव्हा त्यांनी मला विचारलं, ‘‘दुसऱ्या पाळीला मी असायचो तेव्हा तू झोपलेला असायचास ना रे?’’

मी म्हटलं, नाही बाबा. तुमची सायकल गल्लीच्या तोंडाशी आली की मला ऐकू यायची. चेनचा आवाज यायचा.

‘‘चेन सैल होती,’’ बाबा म्हणाले. ‘‘घट्ट करायची राहून गेली.’’